वातीचा पीळ : तुळजापूरच्या दिवटीपासून ई-सिगारेटच्या वेटोळ्यापर्यंत

१/ तुळजापूरच्या गोंधळ्याच्या हातातील दिवटी आणि २०१९ पासून भारतात बंदी असलेली ई-सिगारेट यांत वरकरणी काहीच साम्य दिसत नाही. एक देवीच्या सेवेतले साधन, दुसरे निकोटीन ओढण्याचे यंत्र. तरीही दोहोंचे काम एकाच वस्तूवर चालते : द्रव शोषून उष्णतेपर्यंत नेणारी वात. घरी वात वळण्याचे हे जुने कौशल्य धाराशिव जिल्ह्याच्या मातीत कसे रुजले, आणि तेच कौशल्य नव्या यंत्रात गेल्यावर अपुरे का पडले, याचा हा धागा.

२/ आधी वातीचे शास्त्र. तंतूंमधल्या अरुंद फटींतून द्रव आपोआप वर चढतो. याला केशाकर्षण म्हणतात. वात स्वतः जळावी अशी अपेक्षा नसते. तिने तेल ज्योतीपर्यंत पोहोचवायचे आणि तेलाच्या ओलाव्यानेच स्वतःला वाचवायचे. तेल ज्या गतीने जळते त्याच गतीने ते वर आले पाहिजे. कमी आले तर वात करपते, जास्त आले तर ज्योत धुरकट होते. घरोघरी वाती वळणाऱ्या हातांनी हा तोल सूत्राविना साधला होता.

३/ वातीला कापूस हवा, आणि या जिल्ह्याचे कापडाशी नाते दोन हजार वर्षांचे आहे. तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगराचा उल्लेख येतो. तेथून साधे जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेली जात असे. पुढे हेच तेर संत गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून ओळखले गेले. सूत आणि माती, म्हणजे वात आणि पणती, दोन्ही कसब या एका गावाच्या ओळखीत आहेत.

४/ कापडाचा व्यापार दूरदेशी गेला. वात मात्र घरातच राहिली. कापसातली सरकी काढायची, तो हाताने मोकळा करायचा, बोटांना चिमूटभर राख लावून पीळ द्यायचा. तुपासाठी बुंध्याशी फुगीर फुलवात, समईसाठी लांब वात, व्रतासाठी लक्षवात. तूप थंडीत गोठते, ते लांब वातीतून चढत नाही. म्हणून फुलवात आधी तुपात भिजवून ठेवतात. प्रत्येक आकारामागे त्या त्या इंधनाचा स्वभाव आहे. घट्ट पिळाची वात तेल हळू ओढते, सैल पिळाची भराभर. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, बोटांत होते.

५/ मराठवाड्यात करडईचे तेल घाण्यावर निघे आणि स्वयंपाकाबरोबर दिव्यालाही लागे. वनस्पतीचे तेल दाट असते. वातीतून ते फार उंच चढू शकत नाही. त्यामुळे जुना दिवा उथळच असावा लागतो : पणती, समईची वाटी, निरांजन. तेलाची पातळी आणि ज्योत यांत बोटभर अंतर. शोभेसाठी घडल्यासारखा वाटणारा हा आकार प्रत्यक्षात तेलाच्या दाटपणाने ठरवला आहे.

६/ पण पणती हाती घेऊन रात्री गोंधळात नाचता येत नाही. त्यासाठी वेगळी रचना झाली : दिवटी आणि बुधली. दिवटीच्या टोकाला जुन्या सुती कापडाचा घट्ट पिळलेला काकडा, आणि बुधलीत तेल. येथे वातीखाली तेलाचा साठा नाही. काकडा हाच साठा आणि काकडा हीच वात. ज्योत मंदावू लागली की बुधलीतून वरून तेलाची धार सोडायची. पहाटेच्या काकड आरतीच्या नावातही हाच काकडा आहे. देवीच्या भक्तांचा पोतही याच कुळातला : कापडाचा पीळ, तेल आणि धरणाऱ्याचे भान.

७/ भान हा शब्द येथे महत्त्वाचा. तेल घालायला उशीर झाला की कापडच पेटते, काकडा खाऊन टाकला जातो. जास्त ओतले तर पेटते थेंब हातावर ओघळतात. कापड सुतीच लागते, कारण कृत्रिम धाग्याचे कापड तेल नीट न शोषता वितळून गळते. चिंधी कोणती, पीळ किती, तेल केव्हा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे धरणाऱ्याला डोळ्यांसमोर मिळत असतात. ज्योत तांबूस झाली, धूर काळा झाला, वास बदलला, की हात आपोआप बुधलीकडे जातो.

८/ घटस्थापनेच्या सुमारास आजही गावोगावची तरुण मंडळे तुळजापुरात ज्योत पेटवतात आणि ती अनवाणी धावत आपल्या गावी नेतात. मराठवाडा, सोलापूर, कर्नाटकाचा सीमाभाग, सगळ्या वाटांवर या ज्योती दिसतात. ज्योत धरणारा बदलतो, ज्योत विझू द्यायची नसते. एका अर्थाने वातीची ही सर्वांत कठीण परीक्षा : वारा, धाव आणि रात्र यांच्यात तेलाचा तोल राखणे.

९/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि वातीचे गणितच पालटले. रॉकेल पातळ असते, ते वातीतून सहज उंच चढते. त्यामुळे इंधन खाली बंद डब्यात आणि ज्योत वर नळीच्या तोंडाशी, अशी रचना शक्य झाली. गावात त्यासाठी कारखान्याची वाट कोणी पाहिली नाही. रिकामा पत्र्याचा डबा किंवा औषधाची बाटली, झाकणाला भोक, त्यात पत्र्याची नळी, नळीत चिंधीची वात : झाली चिमणी तयार. वीज येईपर्यंत किती पिढ्यांनी या उजेडात अक्षरे गिरवली असतील!

१०/ मात्र याच घरगुती प्रयोगाने भाजण्याचे अपघातही आणले. बाटली हलकी, बुड अरुंद, नळी सैल. धक्का लागला की रॉकेल सांडून पेटे. श्रीलंकेतील शल्यविशारद डॉ. विजया गोडाकुंबुरा यांनी असे भाजलेले रुग्ण पाहून बुटका, जड, सपाट बाजूंचा आणि आटेदार धातूच्या झाकणाचा काचेचा दिवा तयार केला. तो आडवा पडला तरी घरंगळत नाही आणि झाकण निसटत नाही. या कामासाठी त्यांना १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय रोलेक्स पुरस्कार मिळाला. दोष कोठे आहे हे डोळ्यांना दिसत होते, म्हणून त्यावर उपाय निघाला.

११/ महाराष्ट्रात रॉकेलच्या काळात वातीला काचेचे घर मिळाले. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील स्वदेशीचे प्रतीक ठरला. कंदिलाची चपटी वात चाकाने वरखाली करता येते. ती किती बाहेर काढली यावर उजेड आणि काजळी ठरते. संध्याकाळी काच पुसणे हे मुलांचे ठरलेले काम. आदल्या रात्री वात नीट कापली नव्हती, याची नोंद त्या काचेवर काजळीने झालेली असे.

१२/ दिसणारी काजळी हा वातीच्या इतिहासातील मोठा आधार. तो सुटल्यावर काय होते? जत्रेत आणि लग्नात जळणाऱ्या गॅसबत्तीचे मॅन्टल आठवावे. ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी सुती जाळी थोरियम आणि सेरियम यांच्या क्षारांत भिजवली. सूत जळून जाते, मागे त्यांच्या ऑक्साइडांची पांढरी जाळी उरते आणि ती लखलखते. उजेड स्वच्छ, काजळी नाही. पण थोरियम किरणोत्सारी आहे, ही गोष्ट त्या शुभ्र उजेडात कोणाला दिसणार?

१३/ दुसरे उदाहरण मेणबत्तीचे. वात ताठ उभी राहावी म्हणून काही उत्पादक तिच्या गाभ्यात शिशाची तार घालत. ज्योत सुंदर जळे आणि खोलीच्या हवेत शिसे मिसळत राही. अमेरिकेने २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली. दोन्ही उदाहरणांत वात चांगली जळत होती. वात चांगली जळणे आणि ती निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम ठळक होते.

१४/ आता धुराकडे वळू. कारण वात आणि तंबाखू यांची गाठ पुढे पडणार आहे. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आली. १६०४ च्या सुमारास अकबराचा दूत असदबेग विजापूरला गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहासाठी नेली. विजापूरच्या गादीवर तेव्हा इब्राहिम आदिलशाह दुसरा होता. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल याच राजाच्या काळातला. म्हणजे मोगल दरबारात तंबाखू गेली ती आजचा नळदुर्ग ज्या सत्तेखाली होता तिच्या राजधानीतून.

१५/ असदबेगाने त्या प्रसंगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली : हे औषध आपल्या वैद्यांनी तपासलेले नाही, त्याविषयी ग्रंथांत काही लिहिलेले नाही. असदबेगाने प्रतिवाद केला की युरोपातील लोकही शहाणे आहेत, त्यांनी विचार केलाच असेल. आपल्या ग्रंथांत नाही एवढ्याने एखादी गोष्ट नाकारू नये, असा बादशहाचा कौल पडला. युक्तिवाद उदार होता. हकिमाचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

१६/ १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही. शेतातला माणूस स्वतःचे साधन स्वतः बनवत होता. मातीची चिलीम, तिच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी. पेटवायला चकमक : पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी झेलणारा कापूस. दरबारी हुक्क्याची नक्कल नारळाच्या करवंटीत झाली. छापीने धूर थंड होतो, घशाला कमी लागतो; म्हणून तो निवळतो असा समज पसरला. खरे तर घशाची जळजळ ही एकच सूचना शरीराजवळ होती आणि छापीने तीही मंद केली.

१७/ हकिमाच्या प्रश्नाला उत्तर मिळायला साडेतीनशे वर्षे लागली. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांतील संबंध आकडेवारीने दाखवला. इतका उशीर का? कारण दिव्याचा दोष त्याच संध्याकाळी काचेवर दिसतो. फुप्फुसातला दोष वीस-तीस वर्षांनी दिसतो, आणि तोही एका माणसाकडे पाहून सिद्ध करता येत नाही. त्यासाठी शेकडो-हजारो माणसांची नोंद ठेवावी लागते.

१८/ धूर टाळून निकोटीन द्यावे ही कल्पना यातूनच बळावली. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण ती बाजारात रुजली नाही. २००३ मध्ये चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी आजच्या ई-सिगारेटचा आराखडा केला. पुढे त्यात स्थिरावलेली रचना साधी आहे : बॅटरी, विजेने तापणारे तारेचे वेटोळे, आणि त्यात ओवलेली वात. वात ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे निकोटीनयुक्त मिश्रण ओढते, वेटोळे त्याची वाफ करते. ज्योत गेली, वात राहिली.

१९/ लवकरच हौशी लोकांनी तयार कॉइल फेकून स्वतःची बांधायला घेतली. ज्यात तार आणि वात पुन्हा पुन्हा बदलता येते असे ॲटोमायझर निघाले. तार बहुधा निक्रोम किंवा कँथलची. निकेल-क्रोमियमचा हा मिश्रधातू अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०५ च्या सुमारास शोधला, तर लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियमचे कँथल स्वीडनमध्ये हॅन्स फॉन कांत्सोव यांनी विकसित केले. दोन्ही तारा शेगडीसाठी आणि भट्टीसाठी घडवलेल्या. तेथून निघणारी हवा कोणी छातीत भरून घेईल, हा विचार त्या संशोधनात नव्हता.

२०/ वातीचे प्रयोग तर थेट आपल्या माजघराची आठवण देणारे. प्रथम सिलिकाची दोरी वापरली गेली. तिचे बारीक तंतू श्वासात जातील अशी शंका आली. मग बारीक पोलादी जाळीची गुंडाळी आली. शेवटी कापूस जिंकला. पण येथे एक मेख आहे. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असते. त्याला तेल लगेच धरते, पाणी किंवा ग्लिसरीन नाही. समईला चालणारा कापूस येथे चालत नाही. म्हणून हे हौशी कारागीर कापूस उकळून घेत किंवा मेण काढलेला कापूस आणत. घट्ट ओवला तर द्रव पोहोचत नाही, सैल ओवला तर गळतो. तोल तोच, जुना.

२१/ त्यातही एक प्रकार असा की द्रवाचा साठाच नसतो. दर थोड्या वेळाने बाटलीतून वातीवर थेंब सोडावे लागतात. गोंधळ्याची दिवटी-बुधली हुबेहूब! आणि चूकही तीच. वात ओली आहे तोवर तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास रोखले जाते : प्रॉपिलीन ग्लायकॉलसाठी १८८ अंश, ग्लिसरीनसाठी २९० अंश सेल्सिअस. वात कोरडी पडली की तार लाल होते, कापूस करपतो, ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतात. तेलाचा दिवा विझल्यावर नाकाला झोंबणाऱ्या धुरातही हेच ॲक्रोलिन असते. दिव्याजवळ माणूस तोंड फिरवतो. येथे तो झुरका आधीच छातीत उतरलेला असतो.

२२/ विजेचे गणितही दिव्याहून निष्ठुर. ३.७ व्होल्टच्या सेलवर १ ओहमचे वेटोळे सुमारे १४ वॅट घेते. तारेचे वेढे कमी करून रोध ०.२५ ओहमवर आणला तर तेच सुमारे ५५ वॅट होतात आणि सेलमधून १५ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. सेल तेवढा सोसणारा नसेल तर तो तापतो, फुटतो, पेटतो. चिमणीची सैल नळी डोळ्यांना दिसत असे. वेटोळ्याचा रोध मीटरवाचून दिसत नाही.

२३/ जे मीटरवरही दिसत नाही ते प्रयोगशाळेत दिसले. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ जणांची रोजच्या वापरातील उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अत्यल्प होते. वेटोळ्याच्या संपर्कात आलेल्या द्रवात आणि वाफेत मात्र शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण वाढलेले आढळले. वेटोळे वारंवार बदलणाऱ्यांकडे धातूंचे प्रमाण अधिक असल्याचाही कल दिसला. वात बिघडली की नवी वळावी, हा दिव्याचा सर्वांत शहाणा नियम. येथे तो उपयोगी पडला नाही.

२४/ २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप वापरणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर गेला. गांजातील मादक घटक असलेल्या, बहुतांशी अनौपचारिक मार्गाने मिळवलेल्या द्रवांत ते घट्टपणासाठी मिसळले जात होते. पोटात गेल्यास सामान्यतः निरुपद्रवी आणि त्वचेच्या मलमांत वापरला जाणारा हा पदार्थ. तो वाफेने फुप्फुसात गेल्यावर काय होते, हे मिसळणाऱ्याने तपासले नव्हते.

२५/ भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी अधिनियम झाला. ई-सिगारेटचे आणि तिच्या भागांचे उत्पादन वा जोडणी, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात हे गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीसही शिक्षा आहे. विडी, सिगारेट आणि तंबाखूची पुडी मात्र दुकानात उघड मिळते. जहांगीराच्या फर्मानाचा अनुभव पाहता हा विरोधाभास इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा वाटणार नाही, आणि तो सोयीस्करपणे विसरताही येणार नाही.

२६/ तरीही बंदी योग्य की अयोग्य या वादाच्या आधी हकिमाचा प्रश्न येतो. तो नव्या वस्तूच्या विरोधात नव्हता. हे तपासले कोणी, एवढेच तो विचारत होता. घरगुती वातीला दोन हजार वर्षे हे विचारण्याची गरज पडली नाही, कारण रोज संध्याकाळी तिची तपासणी घरातच होई : काचेवरची काजळी, छतावरचा डाग, ज्योतीचा रंग. वेटोळे बांधणाऱ्याच्या बोटांत तेच कसब आहे. तपासायला मात्र त्याच्यासमोर काच नाही.

२७/ येत्या नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर पुन्हा ज्योती धावतील. पुढचा तरुण ज्योत उंच धरेल, शेजारचा तेलाचा डबा घेऊन पळेल. ज्योत काळवंडू लागली की धावता धावताच डबा कलेल, तेलाची धार काकड्यावर पडेल, आणि उजेड पुन्हा पिवळा होईल.

(धागा समाप्त)